हल्लेलूया, एकशे तेवीस वेळा

ज्या कुणी हा नियम केला, की स्तुती मध्येच तोडायची नाही, त्याच्या खांद्यावर मरणाऱ्या भावाचा हात कधी पडला नसणार. पोट भरलेलं, पाय गरम, भोवती मान डोलावणारे शिष्य. असल्या माणसालाच असले नियम सुचतात. झखार्या मनातल्या मनात हे म्हणत होता आणि उकडलेल्या अंड्याचं कवच नखानं सोलत होता. सोललेलं तिसरं अंडं त्यानं ताटलीत ठेवलं. खाल्लं एकही नव्हतं.

सुतकाचा चौथा दिवस होता. तो जमिनीवरच्या गादीवर बसला होता, सदऱ्याची कॉलर रिवाजाप्रमाणे फाडलेली. समोर, तशीच खाली, त्याची भावजय बद्रा. तिचा नवरा सालेम, झखार्याचा धाकटा भाऊ, सणाच्या दुसऱ्या दिवशी प्रार्थनाघरातच गेला. ज्यूंचा हा आठ दिवसांचा दिव्यांचा सण, हनुक्का, अजून सरला नव्हता. सकाळचं सहा स्तोत्रांचं स्तुतिगान चुकवता येत नाही आणि सुतक्यानं ते म्हणायचं नाही, म्हणून जमलेले पुरुष उठून शेजारच्या घरात निघाले होते.

पुढे होऊन म्हणायचं कोणी, यावर दारात कुजबुज झाली. इस्रायलमधल्या रोश हाआयिन गावच्या या गल्लीत तीस वर्षं ते काम झखार्याचं. आज मूसा सुतार चपला घालून तयार होता.

"मूसा म्हणणार? मग देव आज कानात कापूस घालणार," दारातला एक म्हातारा म्हणाला.

"घालू दे की. तुझं घोरणं तरी ऐकावं लागणार नाही त्याला," मूसा म्हणाला, आणि मग सुतकाचं घर आहे हे आठवून त्यानं टोपी नीट केली.

भिंत विटेची, पातळ. थोड्या वेळात पलीकडून आवाज यायला लागला. मूसा एक तुकडा म्हणे, बाकीचे उत्तर देत, हल्लेलूया. पुन्हा तुकडा, पुन्हा हल्लेलूया. येमेनहून बापजाद्यांनी आणलेली ही रीत, एका बैठकीत एकशे तेवीस वेळा. हल्ली पोरं बस वेळेवर आली तरी हल्लेलूया म्हणतात, गोल झाला तरी म्हणतात. सालेम त्यावर हसायचा. म्हणायचा, अरे, हा शब्द म्हणजे हुकूम आहे. तुम्ही सगळे त्याची स्तुती करा, असं जो तो दुसऱ्याला सांगतो. एकशे तेवीस वेळा सांगतात. करतो कोण?

चार दिवसांत जो येई तो एकच बोले. काय मरण आलं, ओठांवर स्तुती असताना गेला, देवानं मुका घेऊन उचलला. बद्रा ऐकून घेई. झखार्याही मान हलवी, आणि दर वेळी मान हलवताना त्याच्या डाव्या खांद्याला काहीतरी टोचे.

कारण सालेम स्तुती करत गेलाच नव्हता. तो मागच्या बाकावरून उठून पुढे आला होता. झखार्या डोक्यावरून शाल घेऊन गात होता. मेलेले काही त्याची स्तुती करत नाहीत, ही ओळ यायची होती, तेवढ्यात खांद्यावर हात पडला. जड. बोटं रुतली. हात सालेमचा आहे हे त्यानं न बघता ओळखलं, आणि रागावला. याला नेमकी आत्ताच काहीतरी आठवण होते. त्या दिवशी आवाज बरा लागला होता, सगळे ऐकताहेत हे त्याला कळत होतं. मागे न वळता त्यानं एक बोट वर केलं. थांब. हात निघाला. लोकांनी उत्तर दिलं, हल्लेलूया. गाणं संपवून तो वळला तेव्हा सालेम मागच्या पायरीवर बसला होता, कपाळ लाकडी कठड्याला टेकलेलं. बाकीच्यांना वाटलं, तल्लीन झालाय.

हे त्यानं कोणाला सांगितलं नव्हतं.

पलीकडचा आवाज चढला. बद्रानं ताटलीतली सोललेली अंडी पाहिली.

"खायचं नाही तर सोलता कशाला?"

त्यानं चौथं अंडं उचललं.

"हात तुमच्या खांद्यावर पडला, तेव्हा मी बायकांच्या पडद्यातून बघत होते, भावजी."

झखार्याच्या नखात कवचाचा तुकडा शिरला. त्यानं तो काढला नाही.

"नियम आहे, बद्रा. मध्ये तोडता येत नाही. छडी मारून शिकवलंय आम्हाला."

"स्तोत्राच्या मध्ये नाही. एक संपून दुसरं लागायच्या आत थांबता येतं. माझ्या बापानं मला शिकवलं होतं, मी पोरगी असून. हात पडल्यावर अशा तीन जागा आल्या. मी मोजल्या."

त्यानं अर्धवट सोललेलं अंडं ताटलीत ठेवलं.

"मीही उठले नाही," ती म्हणाली. "पहिल्या जागेला वाटलं, आता थांबतील. दुसऱ्या जागेला वाटलं, आता तरी. आणि तोंडानं मीही उत्तर देत होते सगळ्यांबरोबर. माझं मी भोगीन."

तिनं ओढणी सारखी केली. आवाज जराही वाढवला नव्हता.

"गेल्या हनुक्काला, प्रार्थनाघराला एसी देणारा तो बिल्डर उशिरा आला होता. दोन स्तोत्रांच्या मध्ये तुम्ही गाणं थांबवलंत. हात मिळवलात, पुढच्या बाकावर बसवलंत, त्याच्या गुडघ्याची चौकशी केलीत. सगळ्यांसमोर. कोणी नावं ठेवली नाहीत, कारण ते नियमात बसतं."

शेजारी गाणं संपत आलं होतं. पुरुष आता कुठल्याही क्षणी परत आले असते, आणि पुन्हा म्हणाले असते, काय मरण आलं.

"त्याच्यासाठी थांबलात. सालेमसाठी का नाही थांबलात? नियम सांगू नका मला. ती माणसं दारात यायच्या आत उत्तर द्या."