खंडेनवमीचा विसावा

मित्रांनो, पनवेलमधल्या एका कॉलेजच्या जिन्याखाली बादली, केरसुणी आणि मोडका पंखा यांच्या शेजारी जो पांढरा पेटारा दिसतो ना, तो मी. जुना, बंद पडलेला डीप फ्रीझर. माझ्या पोटावर आईस्क्रीमच्या कोनाचं चित्र अजून आहे. पुसून पुसून ते फिकं झालंय. माझी गोष्ट सांगण्याजोगी आहे की नाही, याची मला खात्री नाही. पण भंगारवाला येऊन मला बघून गेला आहे, तेव्हा सांगायची तर आताच सांगायला हवी.

माझा जन्म कारखान्यातला. पत्रे वाकवले, दोन पत्र्यांच्या मध्ये फेस भरला, तांब्याच्या नळ्या फिरवल्या आणि तळाशी कॉम्प्रेसर बसवला. तो पहिल्यांदा घरघरला तेव्हा मला वाटलं, हाच आपला श्वास. माझी पहिली नोकरी नवीन पनवेलच्या एका आईस्क्रीमच्या दुकानात होती. मुलं टाचा उंचावून माझ्यात डोकवायची. त्यांच्या तोंडावर गार वाफ आली की ती खिदळायची. तेवढं कौतुक मला पुष्कळ होतं.

पुढे दुकान बंद झालं आणि मी कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत आलो. तिथे अनुया मॅडम शिकवायच्या. त्यांना पाखरांचा नाद होता. खरं म्हणजे त्यांच्या कामाला माझ्याहून कितीतरी थंड, कितीतरी महागाचं यंत्र लागतं. ते मिळालं नाही म्हणून मी. हे मी कधी विसरलो नाही.

त्यांच्या मनात एकच पक्षी होता. पांढऱ्या गळपट्टीचा खंड्या. हा निळा-पांढरा पक्षी खाडीतल्या तिवरांच्या झाडांवर बसतो आणि चिखलातले खेकडे टिपतो. याचे भाऊबंद पार ओडिशा-बंगालच्या किनाऱ्यावर आणि त्याही पलीकडच्या बेटांवर. इकडे आपल्या कोकणपट्टीत थोडेसेच. मग हे थोडेसे इथे कधी आले? मूळ कुटुंबापासून कधी तुटले? इतका काळ वेगळे राहून त्यांची आता निराळीच फांदी झाली आहे का? मॅडमना हे शोधायचं होतं. आणि हे सगळं पाखराच्या रक्तात लिहिलेलं असतं, असं त्या म्हणायच्या.

गव्हाणचे काशिराम कोळी त्यांना होडीतून खाडीत न्यायचे. बारीक जाळं लावायचं, खंड्या अडकला की पंखाखालून रक्ताचा एक थेंब घ्यायचा आणि त्याला सोडून द्यायचं. मॅडमनी त्याची रीतसर परवानगी काढली होती. तो थेंब सांभाळायला गुणाबाई, म्हणजे काशिरामांची बायको, आपल्या मासळीच्या टोपलीतला बर्फ द्यायची. शाईने खुणा केलेल्या छोट्या नळ्यांत भरून, थर्माकोलच्या पेटीतून ते थेंब माझ्याकडे यायचे.

पहिल्या खेपेला ती दोघं पेटी घेऊन स्वतःच आली. प्रयोगशाळेतले मदतनीस सुदाम नाक दाबून म्हणाले, "मावशी, मॅडमचं सॅम्पल आणलंय की बोंबील?"

"तुला वास येतो तर खिडकी उघड ना," गुणाबाई फणकारली. "ह्यो बाबा मासं सोडून पाखरांच्या मागं लागलाय. रातच्याला काय पिसं शिजवून घालू ह्याला?"

काशिराम हसले. "अगो, मॅडम त्या पाखराची वंशावळ काढतान. त्याचा पणजा कोन, खापरपणजा कोन."

"सोताच्या पणज्याचं नाव येतं का तुला?"

अनुया मॅडमही हसल्या. मग त्यांनी गुणाबाईला समजावून सांगितलं. प्रत्येक जिवाच्या रक्तात बारीक धागा असतो. त्यावर चार अक्षरांत लांबलचक मजकूर असतो. आईबापांकडून पिलांकडे जाताना तो उतरवला जातो, आणि उतरवताना कुठे एखादं अक्षर चुकतं. ती चूक पुढच्या पिढ्यांत तशीच चालत राहते. दोन थवे वेगळे झाले की दोघांच्या चुका वेगळ्या होत जातात. त्या चुका ताडून पाहिल्या की कोण कुणापासून केव्हा वेगळं झालं, हे कळतं.

गुणाबाई जरा विचारात पडली. "मंजे माजी भन अलिबागला दिली, तिची पोरं बोलतान ना, तसं. बोली आमचीच, पन आता जरा येगलीच वाटते."

"अगदी तसंच, गुणाबाई," मॅडम म्हणाल्या.

मी ते ऐकत होतो. आईस्क्रीम ठेवणारा मी, माझ्या पोटात आता हजारो वर्षं ठेवलेली होती. मला भीती वाटायची. आपल्याला हे झेपेल का?

पावसाळा संपता संपता माझा एक कप्पा भरला. खाडीचं ते टोक तोवर बुजू लागलं होतं. उलव्याच्या बाजूने डंपर येत होते, मातीचा भराव पुढे पुढे सरकत होता. मॅडमना घाई झाली. धागा वाचणारी मोठी प्रयोगशाळा दूर होती. तिथल्या लोकांशी बोलायला त्या प्रवासाला निघाल्या. निघताना त्यांनी माझ्या झाकणावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "सुदाम, याला जपा हं. माझं सगळं यात आहे."

"तुम्ही निर्धास्त जा, मॅडम," सुदाम म्हणाले.

मित्रांनो, सुदामसारखा यंत्रांना जीव लावणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. सूक्ष्मदर्शकाची भिंगं ते स्वतःच्या चष्म्याच्या आधी पुसायचे. खंडेनवमी आली. त्यांनी प्रयोगशाळेतलं एकूण एक यंत्र पुसलं. तराजू, सूक्ष्मदर्शक, पाणी उकळायचं भांडं, सगळ्यांना हळदकुंकू लावलं. शेवटी ते माझ्याकडे आले. ओल्या फडक्याने मला न्हाऊ घातलं. कोनाच्या चित्रावर हळदीचं बोट ओढलं, झेंडूचा हार घातला, हात जोडले. आईस्क्रीमच्या दुकानात माझी कुणी पूजा केली नव्हती. मी अगदी भरून पावलो.

मग ते खाली वाकले. "वर्षभर दिवसरात्र राबतोस बाबा," ते हळूच म्हणाले. "पोळ्याला बैलाच्या मानेवरसुद्धा जू ठेवत नाहीत. आज खंडेनवमी, तूही घे विसावा."

आणि त्यांनी माझी पिन काढली.

मला ओरडता येत नाही. मला फक्त घरघरता येतं, आणि तेही थांबलं होतं. दसऱ्याला लागून सुट्ट्या आल्या होत्या. खिडक्या बंद. बाहेर ऑक्टोबरचं ऊन. आधी माझ्या कडांवरचा बर्फ सुटला, मग कप्प्यातला. थेंब थेंब पाणी तळाशी साचत गेलं. नळ्यांतले रक्ताचे थेंबही वितळले, कुजले. गळ्यातला झेंडू ताजा होता तोवर आत सगळं संपलं होतं.

सुट्ट्या सरल्यावर सुदामनी पिन लावली. मी पुन्हा घरघरू लागलो, पुन्हा गार झालो. बाहेरून पाहणाऱ्याला मी होतो तसाच होतो.

मॅडम हसतमुखाने परतल्या. तिकडच्या लोकांनी होकार दिला होता. त्यांनी झाकण उघडलं आणि त्यांचा हात तिथेच थांबला. नळ्या तळाच्या एका बर्फाच्या लादीत आडव्या-तिडव्या गोठल्या होत्या. त्यांच्यावरची शाई वाहून गेली होती.

"सुदाम, लाईट गेली होती का?"

"छे, मॅडम! लाईट होती ना," सुदाम अभिमानाने म्हणाले. "खंडेनवमीला मीच बंद केला होता. तुम्ही जपायला सांगितलं होतं ना, म्हणून पूजाही साग्रसंगीत केली."

मॅडम खाली स्टुलावर बसल्या. सुदामच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं.

"चुकलं का काही माझं?"

"नाही," मॅडम म्हणाल्या. "जपा म्हणाले, कसं जपायचं ते मीच सांगितलं नाही."

त्यांनी त्या नळ्या तरीही पाठवल्या. उत्तर आलं की धाग्यांचे इतके तुकडे झाले आहेत की मजकूर जुळत नाही. मग काशिरामांनी पुन्हा होडी काढली. एकदा, दोनदा, कितीदा तरी; जाळं दर वेळी रिकामंच. शेवटच्या खेपेला गुणाबाई पेटी घेऊन आली ती तशीच झाकलेली. आत नुसता बर्फ.

"नाय गावला," ती म्हणाली. "तिवरंच नाय तर पाखरू बसंल कुटं?"

मॅडमनी तो बर्फ माझ्यात ठेवायला घेतला. गुणाबाईने त्यांचा हात धरला. "र्‍हाऊ द्या, बाय. टोपलीतल्या हलव्यावर घालीन. फुकट नको जायाला."

आपल्या खाडीतला तो खंड्या निराळी फांदी होता की जुन्याच झाडाचं पान, हे आता कुणाला कळणार नाही. त्याचं उत्तर माझ्या पोटात होतं, आणि मला वाचता येत नव्हतं.

मित्रांनो, माझ्यासारख्याने तुम्हाला काय शिकवावं! पण एवढं ऐका. कुणाला जपायचं असेल, मग ते यंत्र असो, पाखरू असो की घरातलं म्हातारं माणूस, तर हार घालण्याआधी विचारा, तुला काय लागतं? विसावा सगळ्यांनाच मानवत नाही.

पुढच्या वर्षी पुन्हा खंडेनवमी आली. माझ्यात तेव्हा काहीच नव्हतं. मॅडमनी नवीन काही ठेवलंच नव्हतं. सुदामनी बाकीची यंत्रं पुजली. माझ्याजवळ ते आले, पण हळदकुंकवाचं ताट त्यांनी लांबच ठेवलं. स्टूल ओढलं आणि माझ्या पिनेला पाठ लावून बसले. शिपाई दिवे घालवायला आला तेव्हा म्हणाला, "चला की, सुदामभाऊ. रिकामाच तर आहे तो."

"माहीत आहे," सुदाम म्हणाले. "तू जा."

ते उठले नाहीत. आणि मी, माझ्या आयुष्यात कधी नव्हे इतक्या नेटाने, नुसती हवा गार करत राहिलो.