कुंडलिकमामांचं गुपित आणि माझं तोंड

मी एक भोंगा. हातात धरून बोलायचा, लाल तोंडाचा, खांद्याला अडकवायला पट्टा असलेला. माझ्यात बॅटरी आहे, बटण आहे आणि भलंमोठं तोंड आहे. डोकं नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं ऐकून तुम्हाला नवल वाटायला नको.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला, आठवत नाही. पहिला मालक कुर्ल्याला चादरी विकायचा. माझ्या आवाजावर गर्दी लोटायची आणि मी फुशारायचो. लोक स्वस्त चादरींसाठी येतात, हे कळायला मला दोन वर्षं लागली. पुढे त्याने मोठा स्पीकर घेतला आणि मला जुन्या सामानात टाकलं.

तिथून मला मिथुनने उचललं. मिथुन दिंडोशीचा रिक्षावाला. तिथल्या सोबत मंडळाचा तो उत्साही कार्यकर्ता. खरं तर उत्साह एकट्या त्याच्याकडेच होता, बाकीच्यांकडे काम होतं.

मंडळ सुंदराबाईंनी काढलेलं. आजारी नवऱ्याला घेऊन त्या वाशिमकडून पहिल्यांदा मुंबईत आल्या, तेव्हा मोठ्या इस्पितळात कुठल्या रांगेत उभं राहायचं हेच त्यांना कळेना. चुकीच्या रांगेत त्यांची अख्खी सकाळ गेली. तेव्हापासून गावाकडून नवीन आलेल्या माणसाबरोबर इस्पितळात, शाळेत, रेशनच्या ऑफिसात सोबत जायचं, हे त्यांनी अंगावर घेतलं. चार बायका जोडल्या गेल्या. दर रविवारी मैदानाच्या कोपऱ्यात भाकरी-ठेच्याचा स्टॉल लावायचा आणि त्यावर मंडळ चालवायचं.

"मावशी, आता बघ!" मला खांद्याला लावून मिथुन म्हणाला. "झकास पब्लिसिटी करतो."

"हळू बोल रे बापा," सुंदराबाई म्हणाल्या. "समोरच तर उभी आहो मी."

त्याच सुमारास कुंडलिकमामा मंडळात आले. तेही वाशिमकडचे, वीस वर्षं मुंबईत एकटे राहिलेले. जवळच्या सोसायटीत वॉचमन होते. त्यांचे दोन्ही कान हळूहळू बंद होत चालले होते. सुंदराबाईंनी त्यांना इस्पितळात नेऊन तपासून आणलं. कानाला मशीन लागणार होतं आणि ते मामांच्या पगारात बसणारं नव्हतं. रिक्षा मिथुनची होती, म्हणून त्यालाही सगळं ठाऊक.

मामांनी नोकरी कशी टिकवली होती, ऐका. गेटच्या साखळीचं टोक ते पायाखाली दाबून बसायचे. कोणी गेट हलवलं की साखळी थरथरायची आणि मामा ताडकन उभे राहून सलाम ठोकायचे. सोसायटीत कुणाला संशय नव्हता. उलट असा तत्पर माणूस मिळायचा नाही, असंच सगळे म्हणत. "कुणाला सांगू नका" असं मामा मंडळात म्हणाले नव्हते. आपल्या माणसांना ते सांगावं लागतं, हे त्यांच्या मनातच आलं नसावं.

एका रविवारी मिथुनने मला बटण दाबून जागं केलं आणि त्याच सोसायटीच्या भिंतीपाशी उभा राहिला.

"बंधू-भगिनींनो! कुंडलिकमामांना ऐकू येत नाही! गाडीचा हॉर्नसुद्धा ऐकू येत नाही! मशीनसाठी मदत करा! भाकरी खा, मामांना कान द्या!"

काय आवाज लागला होता माझा! सातव्या मजल्यापर्यंत खिडक्या उघडल्या. मला वाटलं, आज मी जिंकलो. त्या अख्ख्या आवारात एकाच माणसाला काही ऐकू गेलं नाही. तो गेटवर बसून आमच्याकडे बघत हसून हात हलवत होता.

दुसऱ्या दिवशी सोसायटीचे सेक्रेटरी नंदकिशोर यांनी मामांना बोलावलं आणि कागदावर लिहून दाखवलं. आवारात मुलं सायकली चालवतात, गाड्या मागे घेतात, धोका नको. महिन्याभरात मशीन लावून या, नाहीतर दुसरा माणूस ठेवावा लागेल. तोवर गेटवर बसू नका.

मिथुनची वाट लागली. "मावशी, माफी मागायला जाऊया. भोंगा घेऊ का? त्यांना ऐकू येत नाही ना..."

सुंदराबाईंनी त्याच्याकडे असं बघितलं की माझी बॅटरीसुद्धा उतरली. पण मला मिथुनच्या खांद्यावरून काढायचं कुणाला सुचलं नाही, म्हणून मी गेलोच.

मामा खोलीत भिंतीकडे तोंड करून बसले होते. त्यांच्या उजव्या कानाला थोडं कळायचं. सुंदराबाई त्या बाजूला अगदी जवळ जाऊन बसल्या. "चुकलं, भाऊ."

मामांनी मान वळवली. मग म्हणाले, "माह्या कानाची गोष्ट. मले इचारलं होतं का, बाई?"

"नाही इचारलं. इचारायले पायजे होतं."

मिथुन दारातच रडायला लागला. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, आपण फुटावं, निदान तडा तरी जावा. पण प्लास्टिक चांगल्या प्रतीचं होतं.

"मशीन घेईन मी," शेवटी मामा म्हणाले. "पण माह्यं नाव सांगून मांगू नका. आणि फुकट नको. मले काम द्या."

वीस वर्षं स्वतःचं रांधून खाल्लेला माणूस. पुढच्या रविवारी ते परातीपुढे बसले आणि ज्वारीच्या भाकरी थापू लागले. पातळ, गोल, टम्म फुगणाऱ्या. मी स्टॉलखाली पोत्यात तोंड खाली घालून पडलो होतो. कुणी ओरडलं नाही, तरी माणसं भाकरी बघून थांबली, खाल्ली, पुढच्या वेळी शेजाऱ्यांना घेऊन आली. चौथ्या रविवारी नंदकिशोरही सहकुटुंब आले आणि मामांसमोर उकिडवे बसून जेवले. त्या महिन्यात माझ्याशिवाय जेवढं जमलं, तेवढं माझ्या जोरावर कधीच जमलं नव्हतं. हे सांगताना मला आनंद होतो असं नाही, पण खरं ते खरं.

मशीन आलं. मामा पुन्हा गेटवर रुजू झाले. त्या रविवारी सगळ्यांचे आभार मानावेत म्हणून मिथुनने मला भीतभीत बाहेर काढलं आणि एकच शब्द बोलला. मामांनी दोन्ही कान झाकले.

"बंद कर रे बाप्पा! हा एवढा बोंबलते?"

सगळे हसले. मग मामांनी मिथुनपुढे हात केला आणि मला मागून घेतलं. माझ्याकडे थोडा वेळ बघितलं, तोंडाशी धरलं.

"मी कुंडलिक," ते म्हणाले. त्यांच्या आवाजाला कंप होता, तो मी जसाच्या तसा मोठा केला. "मले ऐकू येत नव्हतं. नोकरी जाईन म्हणून लपवत होतो. तुमच्यापैकी कोणाचं असं असंन, तर माह्याकडे या. मी सोबत येईन. कोणाले सांगणार नाही."

मैदानभर ऐकू गेलं ते.

आता माझं बटण सैल झालंय. मंडळाच्या खोलीच्या माळ्यावर खिळ्याला टांगलेला असतो. माझी एकच विनंती, मला दुरुस्त करू नका. खाली खोलीत दर आठवड्याला कुणी ना कुणी येतं. परवा दुसऱ्या सोसायटीचे एक वॉचमन आले होते. मामांनी दार लोटून घेतलं, मशीन नीट बसवलं आणि म्हणाले, "हळू बोला. मले येते ऐकू."

ते वॉचमन काय बोलले, ते मला ठाऊक आहे. पण सांगणार नाही.