लडाखचा थर

"अवं, हलतंय की ह्ये! आन् नासक्या अंड्यावानी वास मारतंय!" स्कूटरवर मागं बसलेली नागुबाई ओरडली. तिच्या मांडीवर काचेची पेटी होती.

"जित्तं हाय त्ये, हलणारच. घट्ट धर," म्हणत जोतिबाने आपल्या गावाकडे, काकतीच्या रस्त्याला स्कूटर घातली.

जोतिबा बेळगावच्या एका कॉलेजात वरच्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेचा शिपाई. उभा जन्म काच घासण्यात गेला. त्याने पुसलेल्या बाटलीत बघून खुशाल भांग पाडावा. अशा माणसाच्या राज्यात संशोधन करणाऱ्या पारमिता मॅडमनी लडाखच्या खाऱ्या तळ्यातला हा बुळबुळीत थर आणून ठेवला. वर हिरवा, मध्ये जांभळट, खाली काळा. डोळ्यांना न दिसणारे त्यातले जीव पाण्यातला चुना धरून दगड घडवतात म्हणे.

"जोतिबाअण्णा, याला फडकं लावायचं नाही हं!"

जोतिबाचे हात शिवशिवायचे, पण त्याने शब्द पाळला. थरावर मोहरीएवढे पांढरे खडे दिसले, तेव्हा मॅडमनी बारशाला वाटावेत तसे पेढे वाटले.

मग मॅडम पुन्हा लडाखला गेल्या. तिथं फोन लागेना. इकडे प्राचार्यांचं फर्मान निघालं, "उद्या तपासणी समिती येणार. ती घाण आजच गटारीत ओत."

ओतवेना, आणि नाही म्हणायची छाती होईना. बायको नागुबाई बाजाराला आलीच होती. तिच्या मांडीवर पेटी देऊन जोतिबा निघाला.

गावाच्या तोंडाशी म्हैस आडवी आली. करकचून ब्रेक लागला आणि अर्धं तळं नागुबाईच्या अंगावर आलं.

"माझं नवं लुगडं!"

"लुगडं वाळंल गं! ह्येचं काय?" थर मधोमध फाटला होता. जोतिबा रस्त्यावर ओणवा होऊन खडे हुडकू लागला. म्हैस शांतपणे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी समितीच्या बाईंनी खुर्चीवर टेकताच विचारलं, "तो लडाखचा जिवंत थर कुठाय? खास त्यासाठी आम्ही आलोय."

प्राचार्यांचा चेहरा पडला.

"घरात हाय सर, माझ्या," जोतिबा हळूच म्हणाला.

प्राचार्य स्वतः गाडी घेऊन काकतीला गेले. येताना पेटीची एक बाजू त्यांच्या मांडीवर, दुसरी जोतिबाच्या. "हळू रे, हळू!" ते ड्रायव्हरवर खेकसत होते. समितीला त्यांनी सांगितलं, "असल्या गोष्टी आम्ही जिवापाड जपतो."

मॅडम परतल्या. त्यांनी वाकून फाटलेला थर न्याहाळला.

"खडे?"

"सांडलं, मॅडम. लई हुडकलो. गावलं न्हाईत."

"थर जगलाय, अण्णा. पुन्हा खडे धरेल. वर्ष जाईल फार तर."

"मी तर ह्या महिन्यात रिटायर."

मॅडमनी पेटी त्याच्याकडे सरकवली.

शाल-नारळ घेऊन जोतिबा घरी बसला, पण सोमवार आला की बेळगावची बस धरतोच. परवा गेटवर नव्या वॉचमननं अडवलं. "कुणाला भेटायचंय, आजोबा?"

जोतिबाने सदऱ्याच्या सुरकुत्या सारख्या केल्या.

"आमचं एक हाय वरच्या मजल्यावर. बोलत न्हाय अजून, पर मला वळखतंय."

आणि कठडा धरून, मध्ये मध्ये दम खात, तो जिना चढू लागला.