आचलचा ग्रह

रुख्मिणीने थर्माकोलवर फेविकॉल ओतला आणि मंगळ अंगठ्याने दाबून धरला. धामणगावहून अमरावतीला येताना एसटीने अख्ख्या सूर्यमालेची वाट लावली होती.

जिल्हा विज्ञान प्रदर्शनाच्या त्या हॉलमध्ये प्रत्येक टेबलामागे एक पोरगं उभं होतं. आचलच्या टेबलामागे तिची आई. आठवीतली आचल दिवाळीनंतर शेततळ्यात बुडाली. तळ्याला अंथरलेल्या प्लास्टिकवरून पाय घसरला की मोठ्या माणसालाही वर येता येत नाही. तिचं मॉडेल तालुक्यातून आधीच निवडलं गेलं होतं, आणि ते जिल्ह्याला जाणार म्हणजे जाणार, असं म्हणून रुख्मिणी अडून बसली होती.

"पण सर, पोरगी गेली म्हनून सांगू नका," तिने वर्गशिक्षक भगवंत सरांना बजावलं होतं. "कीव करून नंबर देतीन. तिले तिच्या कामाचा भेटू द्या."

म्हणून सरांनी 'आजारी आहे' असं सांगितलं होतं. खोटं बोलायची सवय नसलेला माणूस. सारखा चष्मा पुसत होता.

एक परीक्षक आले. कॉलेजात शिकवणारे, तरुण, हसरे. रुख्मिणीने हात मागे बांधले आणि आचलच्याच चालीत सुरुवात केली. भाकरी थापता थापता ऐकून तिला ते भाषण तोंडपाठ झालं होतं.

"विश्वात आपण एकटेच आहोत का? स्वतःच्या ताऱ्यापासून फार जवळ नाही, फार दूरही नाही, असा एखादा ग्रह असेल, तर तिथे पाणी असू शकते. आणि जिथे पाणी असते, तिथे..."

ती थांबली. पुढचा शब्द ओठांवर होता, पण बाहेर पडेना. परीक्षक वाट बघत राहिले.

"तिथे जीव असू शकतो," मागून गजेंद्र म्हणाला. आचलचा बाप. ते तळं त्यानेच खोदलं होतं, आणि त्या दिवसापासून तो घरात कोणाशी धड बोलला नव्हता.

रुख्मिणीने वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तिथेच सगळं संपलं असतं.

सूर्यमालेबाहेर आचलने कल्पनेतला एक निळा ग्रह लावला होता, त्यावर एक लाकडी बैल चिकटवला होता. तान्ह्या पोळ्याला पोरं मिरवतात तसलाच, पण त्याला तीन शिंगं. परीक्षकांनी त्यावर बोट ठेवलं.

"हे काय?"

"तिथं बैलाले तीन शिंगंबी असू शकतेत, म्हन्ते आचल. समदं आपल्यासारखंच असलं पायजे असं काई नाई, म्हन्ते."

ते मोठ्याने हसले.

"अगदी बरोबर म्हणते! आणि तुम्हाला काय वाटतं, ताई? असेल तिथे कोणी?"

हा प्रश्न भाषणात नव्हता.

"असंन जी," ती म्हणाली. "जीव असंन तं मायबी असंन. तिचं लेकरू तिच्यापाशी राहू दे बापा."

परीक्षकांनी पेनाला टोपण लावलं.

"माझ्याकडून पहिला नंबर. उद्या बक्षिसाला मात्र आचललाच घेऊन या. मला भेटायचंय या मुलीला."

भगवंत सरांनी मान खाली घातली.

"आनतो जी," रुख्मिणी म्हणाली.

ते पुढच्या टेबलाकडे गेले, तेव्हा कुठे ती नवऱ्याकडे वळली.

"आयकलं काय? पयला आला तिचा."

गजेंद्र टेबलाला धरून खाली बसला. रुख्मिणीही त्याच्याजवळ बसली. पुढच्या टेबलापर्यंत आवाज जाऊ नये म्हणून पदराचा बोळा तोंडात कोंबून ती रडली.