तबकडीला हवा लागते

शस्त्रक्रियेत बाबांचा गळा गेला, तेव्हा डॉक्टर म्हणाले, जीव वाचला हे काय कमी आहे? कमी नव्हतंच, देवाचीच कृपा. पण ज्या माणसाने जन्मभर देवाची कथा गाऊन सांगितली, हसवता हसवता श्रोत्यांना डोळे पुसायला लावले, त्याने या वाचलेल्या जिवाचं करायचं काय, हे कोणालाच सुचत नव्हतं. आवाज म्हणून मागे उरली ती एक जुनी हार्ड डिस्क. बाबांची सगळी निरूपणं तिच्यात होती, दुसरीकडे कुठेच नव्हती.

सुटी संपवून थोरली लेक निघाली, तेव्हा बाबांनी ती डिस्क तिच्या हातात ठेवली. उंच डोंगरमाथ्यावरच्या वेधशाळेत ती जनरेटर सांभाळायची. तुला यंत्रातलं कळतं, तूच हिच्या प्रती काढ, असं त्यांनी खुणांनी सांगितलं.

धाकटा म्हणाला, "ताई, कोपऱ्यावरच्या दुकानात घटकाभराचं काम आहे. तुझ्या त्या डोंगरावर देवालासुद्धा धाप लागत असेल."

बाबा हसले, पण हसण्याला आवाज नव्हता. दुकानदारावर त्यांचा भरवसा नव्हता, लेकीवर होता. आणि तिलाही वर निवांतपणे त्यांना ऐकायचं होतं.

वर नवा माणूस आला की त्याला लगेच कामाला जुंपत नसत. पडून राहा, पाणी पी, रक्ताला सवय होऊ दे, म्हणायचे. यंत्रांचंही तेच. थंडगार यंत्रावर एकदम भार टाकायचा नाही, आधी नुसतं चालू ठेवून ऊब धरू द्यायची. असे कितीतरी जनरेटर तिने जगवले होते. डिस्कही तिने तशीच जोडली, शालीच्या घडीवर ठेवली आणि नुसती फिरत ठेवून पंप बघायला गेली. माणसाला सवय होते, तशी हिलाही होईल.

ती परतली तेव्हा खोलीत, वाळूवर कुणी नख ओढावं तसा आवाज येत होता. तिने वायर उपटली. मग पुन्हा जोडून पाहिली. डिस्क खट्‌ खट्‌ करत राहिली, कॉम्प्युटरला मात्र ती दिसेना.

रजा मागून ती खाली शहरात दुरुस्तीवाल्याकडे गेली. त्याने झाकण उघडलं, तर आतली चकचकीत तबकडी तव्याचा तळ खरवडावा तशी ओरखडली होती. ही वर डोंगरावर चालवली होती का, असं त्याने विचारलं. तिने होकाराची मान हलवली.

"वाचणारं टोक तबकडीला टेकत नसतं, ताई. फिरण्याने जी हवा उठते, तिच्यावर ते तरंगतं. तुमच्याकडे हवाच विरळ. टोक खाली बसलं आणि घासत राहिलं."

वेधशाळेतल्या कॉम्प्युटरांत तबकड्या नव्हत्याच, सगळा चिपचा कारभार. का नव्हत्या, हे तिने कधी विचारलं नव्हतं.

"मी काहीच वाचायला लावलं नव्हतं हो. नुसती सवय व्हावी म्हणून..."

तो हसला नाही. "तबकडीला सवय होत नाही."

चालूच केली नसती तर, असं तिने विचारलं. तर सगळं मिळालं असतं, तो म्हणाला.

घरी बाबा दाढी करून, धुतलेला सदरा घालून बसले होते. धाकट्याने कुणाचा तरी मोठा स्पीकर मागून आणला होता. तिने दारातच सांगून टाकलं, कारण बसल्यावर तोंड उघडलं नसतं. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग तिला जवळ बसवलं, मांडीवर ठेका धरला आणि ओठ हलवले. ते आरंभाचं कवन होतं. तिने म्हणावं, अशी त्यांची इच्छा होती.

शब्द तिला पाठ होते. चाल कुठे चढते ते मात्र आठवेना. बाबांनी तळहात हवेत वर नेला, ती वर गेली. त्यांनी नकाराची मान हलवली. हात जरा वळवून पुन्हा दाखवला, ती पुन्हा चुकली. ती वळणं त्यांच्या गळ्यात होती, हातात कशी यावीत? धाकट्याने भिंतीकडे तोंड फिरवलं.

तिने आणखी एकदा सूर लावला. बाबांनी हात मांडीवर ठेवला, आणि चाल दाखवायला तो पुन्हा उचललाच नाही.