मटण टिकेल तिथे गाव

वाल्तोनेरीच्या माणसांना बुडायची हौस होती असं नाही. पण कुठे जायचं यावर त्यांचं एकमत होईल तर शपथ! गेल्या सप्टेंबरात नदी छपरांपर्यंत चढली, मान्थोस म्हाताऱ्याची बायको लिमोनिया वाहून गेली, आणि सरकारनं सांगितलं की नवी घरं देतो, जागा तुम्हीच ठरवा. झालं! अर्धं गाव म्हणे टेकडीवर जाऊ, अर्धं म्हणे इथेच पाया उंच करून बांधू. नऊ महिने कॉफीच्या दुकानात नुसती तोंडातोंडी. इंजिनियरांनी भिंतीवर रंगीत नकाशे लावले, तर त्यावर कुणीतरी पत्त्यांच्या डावांचे हिशेब लिहून ठेवले.

झिसिस खाटकाला नकाशातलं काही कळत नव्हतं. पाणी पुन्हा येणार, एवढं मात्र कळलं होतं. त्याची आई मोर्फो शहाऐंशी वर्षांची. मागच्या वेळी कौलं काढून तिला होडीत ओढून घ्यावं लागलं होतं. पुढच्या वेळी ती वाचायची नाही. आणि बाई टेकडीचं नाव काढलं की तोंड फिरवायची.

"आई, सगळे वर गेले तर तू एकटी इथे काय करणार? बेडकांना जेवायला घालणार?"

"घालीन. ते तुझ्यापेक्षा कमी बोलतात."

शेवटी सभेत मान्थोस उठला. बायको गेल्यापासून तो फारसा बोलत नसे, म्हणून सगळे गप्प झाले. "आपल्या आज्या-पणज्यांनी गावं कशी वसवली?" तो म्हणाला. "दोन जागी मटण टांगायचं. जिथलं उशिरा नासेल, तिथली हवा चांगली, तिथे गाव. गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईनं चाखून सांगायचं. तसंच करू."

सगळ्यात म्हातारी मोर्फोच. ती पांढरीफटक पडली, पण एवढंच म्हणाली, "मटण सांगेल ते गावानं ऐकावं." टेकडी जिंकेल म्हणून ती घाबरली, असं झिसिसला वाटलं. आणि मटण तर त्याच्याच दुकानातून जाणार होतं! त्यानं एकाच मेंढ्याच्या दोन मांड्या कापल्या. टेकडीवर जायच्या मांडीला मीठ चांगलं चोळून चोळून जिरवलं, मग फडक्यानं पुसून काढलं. कामात वाकबगार माणूस. वरून पाहून कुणाला संशय येणार नाही असं काम केलं त्यानं.

मांड्या टांगताना दानाई हजर होती. शेजारच्या उंचवट्यावर सात हजार वर्षांपूर्वीची घरं उकरणारी ही शहरातली पोरगी. त्या जुन्या लोकांबद्दल ती इतक्या खात्रीनं बोलायची, जणू त्यांच्या पंचायतीला जाऊन बसली होती.

"आजी, त्यांनीही असंच पारखलं असेल! पुराच्या वर जमीन, हाकेवर पाणी, भांड्यांना चिकणमाती. भूगोल अगदी वाचता यायचा त्यांना."

"त्यांच्यात कुणाला सासरा नव्हता वाटतं?" मोर्फो म्हणाली. दानाईनं हसून वहीत काहीतरी लिहिलं.

तिसऱ्या दिवशी खालच्या मांडीजवळ उभं राहवेना. सगळं गाव नाकाला रुमाल लावून टेकडीवर गेलं. वरची मांडी घट्ट, तांबूस, ताजी. मोर्फोनं बोट फिरवलं, बोट जिभेला लावलं, आणि लेकाकडे पाहिलं. लेक बुटांकडे पाहत होता.

"वरची हवा चांगली," ती मोठ्यानं म्हणाली.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. दानाईनं टेकडीच्या कोरड्या वाऱ्यावर पानभर लिहिलं.

आठवड्यानं वर पत्र्याची तात्पुरती घरं उभी राहिली. झिसिस ट्रॅक्टर घेऊन दारात आला तर आई खुर्चीत बसलेली, एक भांडंसुद्धा बांधलेलं नाही.

"गावाला वर जा म्हटलं मी. मी येते असं कधी म्हटलं?"

"आई! मी मीठ लावलं ते तुझ्यासाठीच ना!"

"ते जिभेला लागताच कळलं मला. मीठ लावायची तुमच्या घराची रीतच आहे." तिनं हात मांडीवर ठेवले आणि त्या हातांकडे बघत बसली. "डोंगरातलं आपलं गाव दरड पडून गेलं, तेव्हाही दोन मांड्या टांगल्या होत्या. एक या टेकडीवर, एक इथे खाली. माझ्या सासऱ्यांचं, तुझ्या आजोबांचं शेत इथे होतं ना! मी एकोणीस वर्षांची नवी सून. माझ्या हातात मिठाचं भांडं दिलं आणि म्हणाले, खालच्या मांडीला चोळ. चोळलं मी. या हातांनी गाव आणून पाण्याच्या तोंडी ठेवलं. लिमोनियाला मी मारलं, झिसी. आता वर जाऊन मान्थोसच्या शेजारी कोणत्या तोंडानं राहू?"

तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. आईला रडताना झिसिसनं बापाच्या मौतीतही पाहिलं नव्हतं. "मग जा, सांग त्याला," तो कसाबसा म्हणाला. "शिव्या दिल्या तर खा. पण इथे मरू नकोस."

ती उठली. काठी टेकत गल्ली ओलांडून गेली. मान्थोस गादी बांधत होता. तिनं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं.

मान्थोसनं दोरीची गाठ आवळली. "अगं मोर्फो, ते तेव्हाच माहीत होतं सगळ्यांना. भर जुलैत तीन दिवस त्या खालच्या मटणाला एक माशी शिवली नव्हती. लोक काय आंधळे होते?"

"मग बोलला का नाहीत?"

"वर दगड आणि काटे. खालची माती आठवते ना? काठी रोवली तरी कणीस यावं अशी. लिमोनियाच मला कोपरानं ढोसून म्हणाली, गप्प बस, आपल्याला खालीच जायचंय."

"पाणी येतं हे ठाऊक नव्हतं?"

"होतं की! ती माती दुसरं कोण आणून टाकतं? आता भोगून झालं, आता सगळ्यांना वर जायचंय. पण तसं म्हणायची लाज वाटते. म्हणून म्हटलं, मटण टांगा. खाटीक तुझा लेक, चाखणारी तू. आणखी काय हवं होतं?"

मोर्फो त्याच्या गादीवर मटकन बसली. "सदुसष्ट वर्षं!" ती ओरडली. "मेल्यांनो, सदुसष्ट वर्षं मी रोज देवापुढे नाक घासलं! एकानं तरी सांगायचं होतं!"

"आम्हाला वाटलं, तुला ठाऊक आहे आम्हाला ठाऊक असल्याचं."

ती ढसाढसा रडली, मग एकेकाचं नाव घेऊन शिव्या द्यायला लागली. झिसिसनं तिला उचलून ट्रॅक्टरवर बसवलं तरी थांबेना. टेकडीचा चढ लागला तेव्हाही तिचं तोंड चालूच होतं, आणि ज्यांना ती शिव्या देत होती त्यांतले निम्मे तर कधीच मरून गेले होते.