तीन बोटं आणि मूठ

आई फिसकन हसली आणि लगेच तोंडावर हात दाबून बसली. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. पडद्याशेजारी उभ्या लेकीचं वाक्य अर्ध्यावर तुटलं आणि दोन्ही परीक्षकांनी माना वळवल्या.

लेकीची पाच वर्षांची मेहनत आज पणाला लागली होती. कापड गिरणीच्या मालकाने काढवून घेतलेला जुना मूक माहितीपट, त्यात पुन्हापुन्हा दिसणारे कामकरी बायकांचे हात, आणि त्यांवरचा तिचा प्रबंध: यंत्रापुढे माणूस मुका होतो, हातही यंत्र होतात. तो माहितीपट संस्थेबाहेर नेता येत नसे, म्हणून आई तो आज पहिल्यांदाच पाहत होती, तेही गप्प बसायच्या बोलीवर. पण त्याच गिरणीत चोवीस वर्षं माग चालवलेली बाई गप्प बसते होय!

"काय झालं, बाई?" थोरल्या परीक्षकांनी विचारलं.

"काही नाही, साहेब. ती कोपऱ्यातली म्हणतेय, मुकादमाची पँट मागून उसवलीय."

"म्हणतेय?"

आईला वाटलं, पोरीच्या कामात आपणच माती कालवली.

"मागांच्या खडखडाटात कानाशी ओरडलं तरी ऐकू यायचं नाही. हातांनीच बोलायचो आम्ही. सासवांच्या चुगल्यासुद्धा."

"घरी कधी बोलली नाहीस," लेक म्हणाली.

"घरी कुठे एवढा गोंगाट होता? आणि तू विचारलंस कधी?"

 लेकीने हातातली पानं टेबलावर पालथी घातली.

"शेवटचा भाग लावते. आई, तू सांग."

पडद्यावर बायकांची लांब रांग आली. पहिलीने तीन बोटं दाखवून मूठ वळली. दुसरीने तेच केलं, तिसरीनेही.

"आमची शिस्त दाखवायला मालक कॅमेऱ्यापाशीच उभा होता," आई म्हणाली. "आणि त्याच्या नाकासमोरून निरोप चाललाय. तीनला माग बंद, बाळंतपणाची रजा मिळेपर्यंत."

शेवटची बाई चौकटीबाहेर बघत, हात उंचावून थांबली. चित्रपट तिथेच संपला.

"ही शून्यात बघतेय, असं लिहिलंय मी," लेक हळूच म्हणाली.

"शून्यात कशाला बघेल? पुढचा माग माझा होता."

धाकट्या परीक्षकबाई पुढे सरकल्या. "मग? बंद पडले माग?"

"तीनच्या ठोक्याला. शंभरच्या शंभर. आठव्या दिवशी रजा मंजूर झाली. पहिली मीच घेतली, हिच्या वेळी."

आईचा आवाज चांगलाच चढला होता आणि तिला त्याची फिकीर नव्हती.

"या हातांवरचं तिसरं प्रकरण मला नव्याने लिहावं लागेल, सर," लेक म्हणाली.

"लिहा. पदवी त्यासाठी अडणार नाही," म्हणत थोरल्या परीक्षकांनी सही केली.

लेकीचं तिकडे लक्षच नव्हतं. ती आईसमोर खुर्ची ओढून बसली होती, तीन बोटं धरून.

"मूठ घट्ट वळ," आई म्हणाली. "ढिली ठेवलीस तर जेवणाची सुट्टी होते."